बाराही महिने बर्फ

रामबागेत, सायकलच्या दुकानावर
बाबांचा स्टुडिओ होता. अठरा पायऱ्या चढल्या
की थंड हवेचं ठिकाण.

हसू नका. कापडाचं होतं, पण होतं.
बारा फूट बाय नऊ. मागे बर्फाचे तीन डोंगर,
मध्ये तळं, काठाला लाल छपरांची हॉटेलं,
एका खिडकीत दिवा, तो भरदिवसाही जळायचा.
रंगवलं जगन पेंटरनं. तो मिलच्या झाँकीसाठी
रावण करायचा, हत्ती करायचा.
डोंगर म्हणून त्यानं जन्मात एक जानापाव पाहिलेला,
म्हणून आमचा हिमालय जरा बसका.
बर्फ म्हणजे झिंकची पूड, सरसात घोटलेली.
पावसाळ्यात तिला वास यायचा.

पाहण्यासारखं काय, करण्यासारखं काय,
बाबा गिऱ्हाइकाला पाठ म्हणून दाखवायचे.
इकडे बोट आहे बघा.
(एकाच बाजूची, प्लायवुडची; मागे स्टुलावर बसायचं.)
इकडे घोडा.
(त्याचा कान माझ्या भावानं तोडलेला.)
शाली दोन, फरची टोपी एक. भाडं नाही,
पण टोपीला तेल लागलं तर आठ आणे.

आणि सीझन? सीझन असा नव्हताच.
मेच्या बेचाळीस डिग्रीत नवं जोडपं
शाली गुंडाळून उभं, हनुवटीवरून घाम,
आणि बाबा काळ्या कापडाआडून ओरडतायत,
"अरे भिया, थंडी वाजतेय तुम्हाला! जवळ सरका!"
किती जण त्या निमित्तानं
पहिल्यांदा जवळ सरकले असतील.

रंगपंचमीची गेर पांगली की
हिरवी-जांभळी पोरं धडधडत वर यायची,
तळ्याच्या काठाला टेकायची.
तो गुलाबी डाग कधीच गेला नाही,
बाबा त्याला गुलाबाचा ताटवा म्हणायचे.
अनंत चतुर्दशीला रात्रभर झाँक्या पाहून
पेंगुळलेली घरंच्या घरं,
पहाटेचे पोहे खाऊन, बोटांचं जीरावन पुसत
बर्फात उभी.
डिसेंबरात मात्र चिटपाखरू नसे.
खरी थंडी पडली की डोंगर कुणाला आठवत नाहीत.

एकदा मनोरमाबाई फणसे आल्या,
त्या खरोखरच्या नैनितालहून परतलेल्या.
"चार दिवस धुकं हो. स्वतःचा हात दिसेना.
हे पत्ते खेळले, मी मोजे विणले.
आता शेजारीण फोटो मागणार ना?"
बाबांनी त्यांना तळ्याच्या डाव्या अंगाला उभं केलं.
पैसे घेतले नाहीत.

भोंगा बंद झाला त्या साली
सूतखात्यातले सपकाळे आले, बायको, तीन मुलं.
"आता सुट्टीच सुट्टी," म्हणाले,
"म्हटलं, डोंगरात जाऊन येऊ."
मुलं बोटीत मावली. बायको हसली नाही,
बाबांनीही हसा म्हटलं नाही.
तो फोटो न्यायला कुणी आलं नाही.
माझ्याकडे आहे. मागे पेन्सिलनं: पाच प्रती, बाकी सहा रुपये.

गेल्या वर्षी लेकीनं मला खऱ्या डोंगरात नेलं.
रेलिंगपाशी सगळे गप्प, समोर ते पांढरं, उंच,
अजिबात बसकं नसलेलं.
मी सवयीनं त्याच्याकडे पाठ करून उभी राहिले.
"आई, इकडे बघ ना!"
काय सांगू तिला,
आमच्याकडे डोंगर नेहमी मागेच असत.

परवा माळ्यावरून पडदा काढला,
गच्चीवर अंथरला. उंदरांनी हॉटेलं खाल्लीत.
आणि खाली, तळ्यापुढे,
जिथं सगळे उभे राहायचे, तिथं रंगच नाही,
टाचांनी घासून नुसतं कापड उरलंय,
परातीएवढं.

लेक म्हणते, टाकून दे.
मी चपला काढल्या,
त्या जागेवर उभी राहिले.
थोडं गार लागलं.

खालची फरशी असणार.